फटफटी टिकते कशानं

लोणावळ्याच्या बाजारात त्या काळी पेट्रोल डब्यांतून मिळायचं. दुकान एकच होतं, आणि गावात फटफटी असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी सकाळी ती सगळी त्या दुकानासमोर जमायची. पेट्रोल भरायला कितीसा वेळ लागतो? पण गप्पा दुपारपर्यंत चालायच्या, आणि विषय ठरलेला असायचा: कुणाची गाडी जास्त टिकणार.

आमचे हे त्या घोळक्यात असायचेच. परंदवडीच्या शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या लढाईत सैन्यात भरती होऊन बसऱ्याला गेले, तिथं निरोप्यांच्या फटफट्या दुरुस्त करायला शिकले, आणि परत आल्यावर लोणावळ्यात मुंबई रस्त्याला एक शेड घेऊन मोटारींची कामं करू लागले. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. त्यांची स्वतःची फटफटी बसऱ्यात त्यांनीच पळवलेली, पुढं लष्करानं मोडीत काढलेली होती. डाव्या बाजूला एका चाकावर पळणारी, माणूस बसेल अशी साइडकार जोडलेली. लोक तिला पाळणा म्हणत, म्हणून आम्हीही पाळणाच म्हणायचो.

"लोखंड वाजवून बघावं," हे सांगायचे. "ठण्ण वाजलं तर ती गाडी नातवापातूर चालती. टिण्ण वाजलं तर ते खेळणं. जाड लोखंडाला मरान न्हाई."

बेकरीवाल्या भाईंना हे पटायचं नाही. त्यांची बेकरी बाजाराच्या टोकाला होती, आणि कारल्यापासून कामशेतपर्यंत पाव पोचवायला त्यांनी एक हलकी, सडपातळ फटफटी घेतली होती. ते म्हणायचे, "मिस्त्री, तुमची गाडी निम्मं पेट्रोल स्वतःचंच वजन ओढण्यात घालवते. वजन कमी तर झीज कमी. माझी तुमच्यापेक्षा जास्त टिकेल, लिहून घ्या."

तिसरे होते खंडाळ्याच्या रस्त्यावरच्या बंगल्यातले पारशी शेठ. मुंबईचा व्यवसाय मुलांवर सोपवून हवेसाठी इथं राहायला आलेले. त्यांची गाडी सगळ्यांत देखणी. काळा रंग असा की त्यात तोंड बघून घ्यावं. इंजिनाचे काही भाग कारखान्यातच कायमचे बंद करून आलेले होते, आणि त्याचं त्यांना भारी कौतुक. "आपण हात लावायचाच नाय," ते म्हणायचे. "चार वरस वापरायची, मग नवी घ्यायची. जुना मशीन म्हणजे जुना दुखणा."

मी हे सगळं यांच्याकडून ऐकायची. माझे वडील तळेगावला शाळामास्तर होते, त्यामुळं मला लिहितावाचता येत होतं, पण त्या घोळक्यात जाऊन बोलावं असं काही माझ्यापाशी नव्हतं. फटफटी माझ्या लेखी एक काळा, तेलकट प्राणी होता. हे तिच्याजवळून घरात आले की मी आधी हात धुवायला लावायची.

मग तो अपघात झाला. अपघात फटफटीवर झाला नाही, शेडमध्ये झाला. गंजलेला बोल्ट तोडायला हे छिन्नीवर हातोडा मारत होते, आणि लोखंडाची एक कपची उडून उजव्या डोळ्यात गेली. पुण्याच्या डॉक्टरांनी ती काढली, पण डोळा गेला. ते म्हणाले होते, कधीकधी एका डोळ्याच्या मागोमाग दुसराही जातो, लक्ष ठेवा. आम्ही लक्ष ठेवलं. लक्ष ठेवून काय होणार? पावसाळा सरेपर्यंत डावाही धूसर होत गेला. दिवाळीत पणती लावली तर त्यांना उजेड आहे एवढं कळायचं, ज्योत दिसायची नाही.

शेड बंद झाली. हे सकाळी उठून भिंतीला हात लावत फटफटीपर्यंत जायचे आणि तिच्या शेजारी बसून राहायचे. एकदा शेठ भेटायला आले. भला माणूस. त्यांनी सरळ सांगितलं, "मिस्त्री, मशीन विकून टाक. मुंबईला मोडीवाला आहे, मी बोलतो त्याच्याशी. उभी राहिली तर गंजून जाईल."

यांनी गाडीची टाकी चाचपली. मग माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "तू म्हणशील तसं."

मी काय म्हणणार हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पण तोंडातून निघालं ते असं, "विकायची नाही. मी चालवीन."

शेठ हसले नाहीत, पण त्यांच्या भुवया वर गेल्या. ते गेल्यावर हे म्हणाले, "अगं, ती तुला उचलून आपटंल. पाळण्याची गाडी सरळ जात न्हाई. वेग वाढवला का डावीकडं वढती, बिरेक मारला का उजवीकडं. डावीकडं वळलं तर पाळणा उचलतो."

"मग ते शिकवा," मी म्हणाले.

शिकवलं त्यांनी. गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर आम्ही रोज दिवस उगवताना जायचो, लोक जागे व्हायच्या आत. मी नऊवारी काष्ट्याचं लुगडं नेसायची, त्याचा त्या कामाला फार उपयोग झाला. हे पाळण्यात बसायचे आणि आवाजावरून सांगायचे: "आता गेर बदल. कण्हाय लागलीय ती. आता सोड. आता डावं वळान हाय, मी बाहेर झुकतो." खरोखरच ते दगडगोट्यांच्या आवाजावरून वळण ओळखायचे. मी पडले, कितीदा पडले ते मोजलं नाही. एकदा गाडी बाभळीत घातली आणि दोघं काट्यांत पडलो. पायाला सायलेन्सरचा चटका बसला, त्याचा डाग अजून आहे. पण माळावरून उठून जाऊन "जमत नाही" असं सांगायचं कुणाला? सांगण्यासारखं माणूस पाळण्यातच बसलेलं होतं, आणि त्याला ते ऐकायचं नव्हतं.

लायसन काढायला पुण्याला गेलो तेव्हा तिथल्या साहेबानं कागद बघितला, मला बघितलं, पाळण्यातल्या यांना बघितलं. म्हणाला, "लायसन कुणाचं काढायचंय?"

"माझं," मी म्हणाले.

"आणि हे?"

"ह्ये ऐकत्यात," आमचे हे म्हणाले. "बगायला ती हाय."

साहेबानं मला आवारात तीन फेऱ्या मारायला लावल्या, उतारावर थांबवून पुन्हा सुरू करायला लावली, आणि सही केली.

आता पोटाचा प्रश्न. मळवलीच्या बाजूला, लोहगडवाडीपर्यंत, घरोघरी म्हशी होत्या. दूध उत्तम, पण लोणावळ्यात पोचेपर्यंत ऊन चढायचं आणि ते नासायचं. बंगल्यांना आणि क्षयाच्या रोग्यांसाठी हवा खायच्या जागी काढलेल्या दवाखान्याला सकाळी ताजं दूध हवं असायचं. आम्ही ठरवलं की ते आपण आणायचं. लोहगडवाडीच्या बायका किटल्या डोक्यावर घेऊन भाजे गावापर्यंत उतरून यायच्या. पहिल्या दिवशी त्यातली एक म्हातारी पाळण्यात हात घालून म्हणाली, "ह्यात दूध घुसळून लोनी व्हईल की गं, मास्तराच्या लेकी!" तिचं खरं होतं. खड्ड्यांत दूध खरंच घुसळायचं. मग यांनी पाळण्यात काथ्याच्या गाद्या घातल्या आणि किटल्या तोंडापर्यंत भरायच्या असं ठरवलं, म्हणजे आतलं दूध हिंदकळत नाही. स्वतः ते किटल्यांच्या मधे पाय दुमडून बसायचे.

अशी काही वर्षं गेली. बाजारात पेट्रोल घ्यायला आता मीच जायची. पुरुषांचा घोळका आधी गप्प व्हायचा, मग सवय झाली. भाई मला "वहिनी" म्हणत आणि त्यांची फटफटी काय म्हणते ते मला सांगत. हे शेजारी उभे राहून तेच पालुपद लावायचे: ठण्ण आणि टिण्ण. मला वाटायचं, यांचंच बरोबर आहे. आमची गाडी दरवर्षी लोणावळ्याच्या पावसात भिजत होती, रोज ओझं ओढत होती, आणि एकही दिवस तिनं दूध नासवलं नव्हतं.

ज्या सकाळी ती मोडली, त्या सकाळी आम्ही भरल्या किटल्या घेऊन कारल्याच्या फाट्याजवळ आलो होतो. हे एकदम म्हणाले, "थांब."

"काय झालं?"

"थांब म्हनतो ना. काहीतरी टिचतंय."

मला इंजिनापलीकडं काहीही ऐकू येत नव्हतं. थांबले. त्यांनी वाकून, चाचपत, पाळणा जिथं गाडीला जोडलेला असतो तिथल्या नळीवर बोट फिरवलं. त्यांचं बोट एका जागी थबकलं. मी वाकून बघितलं तर केसासारखी एक चीर नळीला अर्ध्यापर्यंत गेलेली. आणखी दोन फर्लांग गेलो असतो तर पाळणा, दूध आणि हे, तिघंही रस्त्यावर विखुरले असते.

ऊन चढायला लागलं होतं. आम्ही किटल्या उतरवून वडाच्या सावलीत ठेवल्या. तेवढ्यात कामशेतला पाव टाकून परत येणारे भाई तिथं पोचले. त्यांनी चीर बघितली. त्यांच्या गाडीला मागं पावाच्या टोपल्या लावायचे आकडे होते, त्यांना दोन्ही बाजूंना एकेक किटली बांधली आणि निघाले. तशा खेपा करून त्यांनी सगळं दूध लोणावळ्यात पोचतं केलं. शेवटच्या खेपेला घाम पुसत एवढंच म्हणाले, "मिस्त्री, माझं खेळणं बरं चाललं की नाही?"

हे हसले, पण ते हसू ओठांपुरतंच होतं.

फटफटी बैलगाडीवर घालून घरी आणली. संध्याकाळपर्यंत हे तिच्याजवळ बसून होते. "बसऱ्यात वाळूत पळवली म्या हिला," म्हणाले. "नाल्यात उलटली व्हती, तवा न्हाई मोडली. आता मोडली. जाड लोखंड जाड लोखंड म्हनत ऱ्हायलो मी. भाई खरं बोलत व्हता. मोडीवाल्याला सांगून टाक."

मला राग आला. त्यांचा नव्हे, त्या नळीचा. इतकी जाड नळी मोडली कशी हे मला कळायला हवं होतं. मी म्हणाले, "मोडीत घालायची तर घालू. पण आधी ती कापून बघू."

"कापून काय बगनार?"

"आत काय आहे ते."

करवतीनं नळी कापली. दुसऱ्या दिवशी सकाळभर ते काम चाललं होतं, एकदा मी कापायची, एकदा हे. कापलेलं तोंड खाली केलं तर आतून गंजाची पूड पडायला लागली, चहाच्या भुकटीसारखी. मी करंगळी आत घातली. बाहेरून रंग शाबूत, वाजवली तर ठण्ण, आणि आतून लोखंड निम्मं खाल्लं गेलेलं. वरच्या बाजूला एक बारीकसं भोक होतं, कधीकाळी कसला तरी स्क्रू तिथं असावा. त्यातून पावसाळ्यामागून पावसाळे पाणी आत शिरत होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. मी यांचा हात धरून त्या नळीत बोट घालायला लावलं.

बराच वेळ ते बोट आत फिरवत राहिले. मग म्हणाले, "लोखंडाचा दोष न्हाई."

"नाही."

"आत कुनी बगितलंच न्हाई."

"आता बघितलं ना," मी म्हणाले. "जोडायची कशी ते सांगा."

जोडायची म्हणजे पितळ भरून जोडायची. नवी नळी जुनीच्या आत बसवायची, पितळ नीट धरावं म्हणून टाकणखार लावायचा, भट्टीत तापवायची, आणि लोखंड बरोबर रंगावर आलं की पितळेची सळई टेकवायची. पितळ पाण्यासारखं सांध्यात ओढलं जातं. रंगाला चुकलं तर एकतर पितळ धरत नाही, नाहीतर लोखंड जळतं. हे काम यांनी कितीदा केलं होतं, पण त्याला डोळे लागतात. मी कधी केलं नव्हतं, आणि मला डोळे होते.

लोहाराची भट्टी मागून घेतली. लोहार भाता ओढायला राहिला. रंग नीट दिसावा म्हणून दाराला घोंगडी लावून अंधार केला. हे माझ्या मागं उभे राहिले, त्यांचा हात माझ्या खांद्यावर.

"कसा दिसतोय रंग?"

"काळाच आहे."

"ओढा, आबा." लोहाराला ते आबा म्हणायचे. "आता?"

"लाल. डाळिंबाच्या दाण्यासारखा."

"थांब. अजून न्हाई."

"उजळ झाला. पळसाच्या फुलासारखा."

"टाकनखार वितळला का? काचंवानी चमकतोय का?"

"हो. चमकतोय."

"आता लाव. सळई लाव. हालू नको."

मी सळई टेकवली. क्षणभर काही झालं नाही. मग पितळ एकदम वितळून सांध्याभोवती पळालं आणि आत गेलं, जणू त्याला वाट माहीत होती. "गेलं! आत गेलं!" मी ओरडले. खांद्यावरचा हात घट्ट झाला. लोहारबाबा म्हणाले, "बास आता. गार हूं द्या हळूहळू. पानी मारू नगा."

त्या संध्याकाळी आम्ही गाडीची एकेक नळी तपासली. जिथं भोक सापडलं तिथं ते बुजवलं, आणि खालच्या बाजूला पाणी गळून जाईल असं दुसरं पाडलं. आत तेल ओतून गाडी उलटीपालटी करून सगळीकडं फिरवलं. तेव्हापासून दर दसऱ्याला गाडी सगळी सोडवून बघायची हा आमचा नेम झाला. गाव आयुधांना हार घालायचं, आमच्या दारात गोणपाटावर फटफटीची हाडं मांडलेली असायची. सुरुवातीला प्रत्येक भाग हे हातात घेऊन सांगायचे आणि मी ऐकायची. पुढं मी सांगायला लागले आणि हे मान डोलवायचे.

मग दुसरी लढाई आली. पेट्रोल मोजून मिळू लागलं. दवाखान्याच्या दुधासाठी म्हणून आम्हाला थोडं मिळायचं, तेवढ्यात भागवायचो. सुटे भाग आणि नव्या गाड्या विलायतेहून यायच्या बंद झाल्या. भाईंच्या गाडीची साखळी झिजली, ती आम्ही सायकलच्या आणि पाणी उपसायच्या यंत्राच्या कड्या जुळवून चालती ठेवली. हलकी गाडी, तिला तेवढं पुरलं.

शेठची मात्र बंद पडली. ती फार चालवलेलीही नव्हती. एका सकाळी त्यांनी आम्हाला बोलावलं. गाडी तशीच झळझळीत, वर मलमलीचं कापड. आम्ही दोघांनी दोन दिवस खटपट केली. ठिणगी पाडणारं यंत्र बंद पेटीत होतं, ती पेटी उघडायला खास हत्यार लागायचं. शेवटी उघडली, तर आतलं एक चाक चुरा होऊन पडलेलं. ते लोखंडाचं नव्हतं, पितळेचं नव्हतं, कसल्यातरी दाबलेल्या कापडाचं होतं. आम्ही शिसवीच्या लाकडाचं करून बघितलं. गाडी सुरू झाली, फाटकापर्यंत गेली आणि थांबली. चामड्याचं केलं, ते तेवढंही टिकलं नाही. ती गाडी आम्हाला काही सुरू करता आली नाही, हे सांगायला हवं.

शेठ पायरीवर बसले. "बाई," त्यांनी विचारलं, "खरा बोल. मशीन खराब होती का?"

इतक्या वर्षांत फटफटीबद्दल माझं मत कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं. मी विचार करून बोलले. "मशीन चांगली आहे, शेठ. आमच्यापेक्षा चांगली घडवलेली आहे. पण तिचा डॉक्टर समुद्रापलीकडं राहतो. आमचीला घरी बघता येतं."

त्यांनी मान हलवली. "आणि जाड लोखंड? मिस्त्री सांगते ते?"

मी यांच्याकडं बघितलं. हेच म्हणाले, "जाड असावं, शेठ. पन उघडाया यावं. न्हाईतर जाड असून काय कळनार?"

त्यानंतर शेठ मुंबईला जायचे असले की आमच्या पाळण्यात बसून स्टेशनवर जायचे. रिकाम्या किटल्या मांडीवर धरून, डोक्यावर टोपी घट्ट दाबून. हे त्या दिवशी घरी थांबायचे. "आज शेठच झुकतात वळनाला," म्हणायचे.

लढाई संपली तेव्हा लष्करानं आपल्या फटफट्या विकायला काढल्या. पुण्याजवळच्या त्यांच्या आवारात त्या रांगेनं उभ्या केल्या होत्या, सगळ्या एकाच रंगाच्या. आमची फार थकली होती, सिलिंडर इतक्या वेळा घासून झाला होता की आता त्यात घासायला काही उरलं नव्हतं. आम्ही आगगाडीनं गेलो. तिथं लिलावाची माणसं ओरडत होती, "नवी! पेटीतून काढलेली!" लोक नव्या रंगाच्या गाड्यांभोवती गोळा झाले होते.

मी रांगेच्या टोकापासून सुरुवात केली. वाजवायचं काम यांचं. ते बोटाच्या पेरानं नळ्या वाजवत माझ्यामागून येत होते. मी खाली वाकून पाणी गळायची भोकं बघत होते, तेलाच्या टाकीत काडी घालून ती यांच्या नाकाशी धरत होते. एक शिपाई म्हणाला, "बाई, रंग बघा ना. ही बघा, कशी लखलखते."

"ती नको," मी म्हणाले. "हिला आत्ताच रंग का दिला ते कळत नाही."

शेवटी एक निवडली. रंग खरवडलेला, एका पायदानाला पोचा आलेला, पण तेल स्वच्छ, आणि प्रत्येक बोल्टला पान्याच्या खुणा. म्हणजे ती कुणीतरी वारंवार उघडलेली होती आणि नीट लावलेली होती. हे म्हणाले, "हिच्यामागं मानूस व्हता." तीच घेतली.

तिला पाळणा नव्हता. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच माझ्या मागं बसले. लोक बघत होते, बघू देत. देहूच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला. दोन चाकांची गाडी वळणावर आपण झुकलं की आपल्याबरोबर झुकते, हे मला माहीत नव्हतं. सोमाटण्याच्या उतारापर्यंत मी ते शिकत गेले. वडगाव मागं पडलं, उजवीकडं इंद्रायणीचं खोरं दिसायला लागलं, तेव्हा यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "कशी वाटती?"

"आवाज बरा आहे," मी म्हणाले. "उद्या उघडून बघते, मग सांगते."